आखूडशिंगी

स्कीबोर्ड काखेत मारून डोंगराकडे निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो हा : "उरलेले कुठे राहिले?" विचारणारा दर वेळी वेगळा असतो आणि दर वेळी त्याची खात्री असते, की हा विनोद जगात प्रथम आपल्यालाच सुचला. त्याचा हिरमोड होऊ नये म्हणून आपण हसायचं.

ज्यांनी ही चीज पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नेहमीची स्की उभी केली, तर हनुवटी ते कपाळ यांच्या दरम्यान कुठेतरी पोचते. स्कीबोर्ड कमरेपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. लांबी मीटरच्या आत. माझे 99 सेंटीमीटरचे आहेत. रुंदी मात्र सढळ, पुढचं आणि मागचं अशी दोन्ही टोकं वर वळलेली, आणि हातात काठ्या नाहीत. काठ्या नाहीत हा मुद्दा आमच्या घरात निर्णायक ठरला. दोन हातांत दोन काठ्या असलेल्या माणसाला दार उघडता येत नाही, हातमोजा काढता येत नाही आणि नाक पुसता येत नाही. आणि डोंगरावरच्या थंडीत नाक हा एकच अवयव अखंड कामावर असतो.

आम्ही राहतो न्यू जर्सीत. मराठी माणसाचा बर्फाशी मूळचा संबंध म्हणजे दर हिवाळ्यात पेपरात येणारी ती बातमी : महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या परिसरात हिमकण. सोबत फोटो असतो, आणि त्यात जीपच्या टपावरून खरवडलेला चमचाभर बर्फ कुणीतरी ओंजळीत धरून हसत असतं. एवढ्या पुंजीवर आपण इथे येतो, पहिली काही वर्षं दारातला बर्फ फावड्याने उपसतो, कंबर धरून बसतो, आणि मग ऑफिसातल्या कुणीतरी भरीला घातलं म्हणून त्याच बर्फावरून घसरण्यासाठी रांगेत उभे राहून तिकीट काढतो.

आमचा डोंगर व्हर्ननचा. राज्याच्या पार वरच्या अंगाला, न्यूयॉर्कच्या हद्दीजवळ. माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा उतार सुमारे 1,040 फुटांचा. सिंहगड चढून वर दही खाऊन आलेल्या माणसाने या आकड्याला भ्यावं असं काही नाही. फरक इतकाच, की सिंहगड उतरताना थांबायचं ठरवलं की आपण थांबतो. इथला बर्फही पुष्कळसा यंत्रातला. पाणी आणि दाबाखालची हवा एकत्र फवारून बर्फ पाडायची युक्ती 1950 मध्ये जवळच्या कनेक्टिकटात निघाली, आणि आता या पट्ट्यातले डोंगर तिच्याच जिवावर तगून आहेत. रात्री थंडी पडली की उतारावरच्या तोफा घोंगावू लागतात. दुपारी ऊन पडून वरचा थर पाघळतो, रात्री पुन्हा गोठतो, आणि सकाळी जे तयार होतं ती फरशी असते. कोलोरॅडोकडचे लोक आमच्या किनाऱ्याला 'आइस कोस्ट' म्हणून हिणवतात. आम्हीही ते बिरूद मिरवतो. दुसरं मिरवण्यासारखं काही नाही.

या फरशीवर लांब स्की शिकायच्या म्हणजे तपश्चर्या. लहान मुलांच्या वर्गात शिक्षक 'पिझ्झा!' असं ओरडतो. म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, पिझ्झाच्या तुकड्याचा आकार. वेग कमी होतो. 'फ्रेंच फ्राइज!' म्हटलं की दोन्ही स्की समांतर, वेग वाढतो. चार-चार वर्षांची पोरं एवढ्या दोन शब्दांवर सुरळीत खाली जातात. मोठ्यांचं तसं नसतं. मोठा माणूस पिझ्झा करायला गेला की पुढची टोकं एकमेकांवर चढतात, मग त्याचा उजवा पाय डाव्या पायाला सोडत नाही, आणि या अवस्थेत तो हळूहळू झाडांच्या दिशेने सरकत असताना मागून शिक्षक "पिझ्झा, पिझ्झा" असा टाहो फोडत राहतो. झाडाच्या आडोशाने जाणाऱ्या तिऱ्हाइताला वाटावं, बिचारा सकाळपासून उपाशी आहे.

खोट आपल्यात नसून लांबीत आहे, हा शोध माझा नव्हे. 1960 च्या दशकात क्लिफ टेलर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने आखूड स्कीवर शिकवायचा धडाका लावला होता. आधी आखूड, जमू लागलं की थोडी लांब, मग आणखी लांब. व्हरमाँटमधल्या किलिंग्टनला ही पद्धत जोरात चालली. पण तीत आखूड स्की म्हणजे बालवाडी. शेवटी लांब स्की घातल्याशिवाय सुटका नव्हती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाच्या क्नायसल कंपनीने 'बिगफूट' काढला : आखूड, धष्टपुष्ट, आणि पुढच्या टोकाला चक्क पायाची बोटं काढलेली. बोटं असलेल्या वस्तूवर उभं राहून गंभीर चेहरा ठेवणं कुणालाच जमलं नसणार. मग 1995 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जेसन लेविन्थल या तरुणाने 'लाइन' नावाची कंपनी काढली, ती स्कीबोर्ड बनवायलाच. पाठोपाठ सॉलोमनचा 'स्नोब्लेड' आला आणि इतका पसरला, की अजूनही कुठलाही आखूड जोड दिसला की लोक त्याला स्नोब्लेडच म्हणतात. 1998 ते 2000 या काळात विंटर एक्स गेम्समध्ये स्कीबोर्डिंगची स्वतंत्र स्पर्धा असे. उड्या, गिरक्या, पाठमोरं उतरणं, सगळं. मग दोन्हीकडे टोकं वळलेल्या लांब स्की बाजारात आल्या, कसरती करणारी पोरं तिकडे गेली, लाइन कंपनीही त्यांच्यामागून तिकडे गेली, आणि स्कीबोर्डची स्पर्धा बंद पडली. थोडक्यात, पंचवीस वर्षांपूर्वी फॅशनमधून गेलेली वस्तू मी नवी म्हणून घेतली. आमच्या पिढीला याची सवय आहे.

मध्यमवर्गीय मराठी माणसाला हवी असलेली गाय आखूडशिंगी आणि बहुदुधी असते. यातली पहिली अट तर उघडच पुरी होत होती. जोड घरी आला त्या संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल होता. तिने चष्मा वर करून नीट पाहिलं.

"लांबी निम्मी आहे म्हणतोस, मग पैसे निम्मे घेतले का?"

"नाही."

"मग बांधून ठेव आणि परत दे."

रटगर्सला शिकणारा भाचा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "मामा, हे लहान मुलांच्या सेक्शनमधून उचललेस का?" मी त्याला कडा दाखवल्या, लाकडी गाभा सांगितला, दोन्ही टोकांचं रहस्य सांगितलं. त्याने मान डोलावली आणि मोबाइल काढून फोटो घेतला. तो फोटो कुठे गेला हे मला विचारावंसं वाटलं नाही.

या सगळ्यात खरी मेख बाइंडिंगची. नेहमीच्या स्कीचं बाइंडिंग पडताना बूट सोडतं. पाय मोकळा, स्की वेगळी. बऱ्याच स्कीबोर्डांना मात्र न सुटणारं, घट्ट बाइंडिंग असतं. फळी आखूड, म्हणून पायाला पीळ बसायचा तो कमी बसतो, सबब सुटायची गरज नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. डॉक्टरांना जे आढळलं ते असं, की यात गुडघ्याचे स्नायुबंध तुटण्याचं प्रमाण कमी होतं आणि नडगी मोडण्याचं वाढतं. म्हणजे गिऱ्हाइकाने आपला कोणता अवयव खर्ची टाकायचा हे आधी ठरवून मगच दुकानात जावं. दुकानदार मात्र असं काही विचारत नाही. तो उंची आणि वजन विचारतो, आणि वजन ऐकून एकदा वर बघतो. सुटणारं बाइंडिंगही मिळतं, पण ते जड असतं आणि त्याची किंमत ऐकल्यावर नडगी स्वस्त वाटू लागते. मी घट्टच घेतलं. त्याला एक सोय अशी, की पान्याशिवाय, नुसत्या हाताने, ते कुठल्याही मापाच्या बुटाला बसवता येतं. ही सोय पुढे कुणाच्या कामी येणार हे तेव्हा डोक्यात नव्हतं.

डोंगरावर पोचलं की कळतं, इथेही पंगती आहेत. मुख्य पंगत स्कीवाल्यांची. दुसरी स्नोबोर्डवाल्यांची, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधलेल्यांची. या दुसऱ्या पंगतीचं मूळही घरगुती आहे : 1965 च्या नाताळात मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन या गृहस्थाने मुलींना खेळायला दोन स्की एकमेकींना जोडून दिल्या, आणि त्यातून हा सगळा पंथ निघाला. अमेरिकेतल्या तीन डोंगरांवर स्नोबोर्डला अजून मज्जाव आहे : युटामधली आल्टा आणि डिअर व्हॅली, आणि व्हरमाँटमधलं मॅड रिव्हर ग्लेन. 2014 मध्ये काही स्नोबोर्डवाले आल्टाविरुद्ध थेट कोर्टात गेले. सरकारी जंगलजमिनीवरचा डोंगर आहे, तिथे आम्हाला मज्जाव म्हणजे राज्यघटनेने दिलेल्या समान संरक्षणाचा भंग, असा त्यांचा दावा. कोर्टाने तो फेटाळला, 2016 मध्ये अपिलातही फेटाळला. राज्यघटना आणि घसरगुंडी यांची गाठ अमेरिकेतच पडू शकते असं मी म्हणणार होतो, पण आमच्या सोसायटीच्या पार्किंगचे वाद आठवून गप्प बसतो.

आम्ही स्कीबोर्डवाले यातल्या कुठल्याच पंगतीत नाही. दोन पायांना दोन फळ्या, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या आम्ही स्कीवाल्यांत मोडतो, पण कुणी पाट मांडत नाही. स्नोबोर्डवाले आमच्याकडे पाहतच नाहीत. बराच काळ मला वाटे, की स्कीवाले आपल्या पडण्याला हसतात. नीट पाहिल्यावर लक्षात आलं, त्यांना राग आपल्या न पडण्याचा आहे. स्कीबोर्ड म्हणजे स्कीइंगचं 'अपेक्षित' आहे. वर्षभर पाठ्यपुस्तक घोकणाऱ्याला आदल्या रात्री अपेक्षित प्रश्नसंच चाळून पास होणाऱ्याविषयी जे वाटतं, ते या लोकांना आमच्याविषयी वाटतं. यांनी लहानपणी पहाटे उठून पाय गोठवून घेतले, शिकवण्या लावल्या, गुडघ्याची ऑपरेशनं करून घेतली, आणि हा पोट सुटलेला इसम दुपारच्या आत डोंगर उतरतोय, वर गाणं गुणगुणतोय! मला त्यांचं दुःख समजतं. आम्हीही याच शिकवणीत वाढलो. घाम गाळल्याशिवाय काही मिळालं तर ते परत करावंसं वाटतं.

वर जायला चेअरलिफ्ट. हिची जन्मकथा मला फार आवडते. 1936 मध्ये आयडाहोतल्या सन व्हॅलीत ही पहिल्यांदा बसवली. युनियन पॅसिफिक रेल्वेच्या जेम्स करन या इंजिनिअरने त्याआधी जहाजावर केळ्यांचे घड चढवण्यासाठी आकडे लावलेली सरकती तार बनवली होती. तीच कल्पना, केळ्यांच्या जागी माणसं. लिफ्टच्या रांगेत उभं राहिलं की हे सतत आठवतं. चार घड एका ओळीत पुढे सरकतात, मागून खुर्ची येते, पोटऱ्यांना धक्का देते आणि घड उचलले जातात. लांब स्कीवाल्यांच्या फळ्या इथे एकमेकींत अडकतात, कुणीतरी "सॉरी" म्हणतं, कुणीतरी काठी पाडतं. आखूडवाल्याला काही नाही. बसलं की बसलं. पाय हलवता येतात, खिशातून दशमीची सुरळी काढून खाता येते. खाली झाडं, झाडांत अडकलेले कुणाकुणाचे हातमोजे, आणि शेजारी एक अनोळखी अमेरिकन, ज्याला अजून तो उरलेल्या तुकड्यांचा प्रश्न विचारायचा असतो.

माथ्यावर उतरलं की थोडं सपाट असतं, आणि आमच्या भाग्योदयाची सुरुवात इथेच होते. सपाटीवर स्नोबोर्डवाल्याला एक पाय सोडवून लंगडी घालावी लागते. लांब स्कीवाला काठ्यांनी वल्हवत राहतो. आपण रोलर स्केट्ससारखं डावं-उजवं करत मधून निघून जायचं, मागे वळून न बघता. मागे वळून बघू नये याला सभ्यतेखेरीज दुसरंही कारण आहे : या फळ्यांना मागे शेपूट नसल्यातच जमा. अंग जरा मागे रेललं, की आधाराला काहीच नसतं, आणि माणूस आकाशाकडे तोंड करून बसतो. पुढे झुकलात तर पुढचा भागही तेवढाच तोकडा. स्कीबोर्डवर उभं राहायची जागा एकच, मधली. नडगीने बुटाची जीभ हलकेच दाबत, गुडघे वाकवून, नजर पुढे. भारतीय राजकारणात ही जागा सापडत नाही, बर्फावर सापडते.

आणि मग वळण. उजवा गुडघा आत ढकलला, की डाव्या-उजव्या दोन्ही फळ्या कडेवर येतात, खर्र असा आवाज होतो, कड बर्फात रुतते आणि फळी तिच्या बाजूच्या बाकानुसार आपोआप वळू लागते. आपण काही करत नाही. आपण फक्त अडवत नाही. वळण इतक्या थोड्या जागेत पुरं होतं, की लांब स्कीवाला जिथे एक कमान काढतो तिथे आपल्या तीन होतात. डावीकडे खर्र, उजवीकडे खर्र. वर पाहिलं तर मागे दोन बारीक रेघा उमटलेल्या, कुणीतरी कंपासने आखल्यासारख्या, आणि त्या आपल्या असतात. माझ्या हातून आजवर भूमितीत एवढं नीटनेटकं काही झालं नव्हतं. टोकांवर टोकं चढायची भीतीच नाही; चढायला टोकंच पुरेशी लांब नाहीत.

दोषही सांगायला हवेत, नाहीतर जाहिरात वाटेल. फळ्या सपाट ठेवून सरळ सुटलात, की वेग वाढताच त्या थरथरू लागतात आणि जिला जिकडे वाटेल तिकडे ती बघू लागते. दात वाजतात, गाल हलतात, गुडघ्यांचा एकमेकांशी संपर्क तुटतो. उपाय एकच : सपाट राहायचंच नाही, सतत या कडेवरून त्या कडेवर. ताज्या खोल बर्फात तर या फळ्या बुडतात, पण न्यू जर्सीत ताजा खोल बर्फ ही चिंता करायची गोष्ट नव्हे. पडायला होतं. पडताना बूट सुटत नाही हे आधी सांगितलंच आहे, त्यामुळे पडल्यावर आपण, दोन फळ्या आणि उरलीसुरली प्रतिष्ठा असे सगळे एकत्रच खाली जातो, कुणी मागे राहत नाही. यात लाज वाटून घेऊ नये. 1894 मध्ये शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल दावोसच्या ब्रँगर बंधूंबरोबर खिंड ओलांडून आरोसाला गेले, तेव्हा एका कड्यावर त्यांच्याही स्की हातच्या निसटल्या आणि उरलेला उतार त्यांनी बसून पार केला. नंतर लिहिताना त्यांनी सगळं खापर शिंप्यावर फोडलं, कारण हॅरिस ट्वीड झिजत नाही अशी त्याने हमी दिली होती. थोर लेखक असाच असतो. कुठे पडलो यापेक्षा कापड कुणाचं होतं ते सांगतो.

एकदा खुर्चीत शेजारी एक आजोबा आले. डोक्यावर जुनी लोकरी टोपी, पायात भल्या लांब स्की. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, मी प्रश्नाची वाट पाहत हसू तयार ठेवलं. आजोबा म्हणाले, "मी किलिंग्टनला असल्याच आखूड स्कींवर शिकलो. पुढे लांब देत गेले. आता डॉक्टर म्हणतात, गुडघे वाचवायचे तर पुन्हा आखूड कर." मी म्हटलं, मग करा की. त्यांनी मिशीवरचा बर्फ झटकला. "इथे सगळे ओळखतात मला," असं म्हणून ते वर पोचताच समोरच्या काळ्या हिऱ्याच्या पाटीकडे, म्हणजे सर्वांत अवघड उताराकडे, गेले. हाही आमच्याच शिकवणीतला निघाला, फक्त गाव वेगळं.

बायको आजवर डोंगरावर येऊन लॉजच्या काचेमागे बसत असे. डबा राखणं, ओले मोजे रेडिएटरशेजारी वाळत घालणं आणि मधूनमधून खिडकीतून आम्हाला मोजणं, हा तिचा हिवाळी खेळ. लांब स्की तिने एकदा हातात घेऊन पाहिल्या होत्या आणि "या मांडवाला लावा" म्हणून परत दिल्या होत्या. स्कीबोर्ड मात्र तिला पटले. कोरोलाच्या डिकीत आडवे मावतात, काठ्यांची भानगड नाही, घरी चपलांच्या कपाटात उभे राहतात. माझी दशमी खाऊन होईस्तोवर तिने भाड्याचे बूट आणले, बाइंडिंगची खिटी फिरवली, आपल्या मापाला बसवली, आणि सोप्या उतारावर गेली. पिझ्झा नाही, फ्राइज नाही. लहानपणी पुण्यात भाड्याच्या चाकांच्या स्केट्सवर फिरलेली होती, त्याच चालीत निघाली. मला वाटलं, आता थांबेल, मग वाटलं, आता पडेल. मग मी लॉजच्या दाराशी जाऊन उभा राहिलो, कारण पायात नुसते मोजे होते आणि पुढे बर्फ होता.

दुसरा जोड घ्यावा असा ठराव मी मांडला. तो आईच्या निम्म्या किमतीच्या मुद्द्यावर नामंजूर झाला. तेव्हा सध्या वाटणी आहे : शनिवार तिचा, रविवार माझा. शनिवारी न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क मिळून जेवढी माणसं त्या उतारावरून घासत जातात, त्यांनी रविवार सकाळपर्यंत त्याची कोटा फरशी केलेली असते. हे तिला वाटणी करतानाच ठाऊक होतं.